ब्रेस्लाऊ संस्थानाचा १७३६ चा हातरंगी नकाशा: वर्ष कोणते मानावे आणि रंग मूळचे आहेत का?

व्रोत्सवाफकर

नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने मी पोलंडमधील व्रोत्सवाफ येथे राहतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत हे शहर जर्मनीत होते आणि त्याचे नाव ब्रेस्लाऊ असे होते. येथील जुन्या पुस्तकांच्या एका दुकानातून मी नुकताच ब्रेस्लाऊ संस्थानाचा छापील आणि हाताने रंगवलेला एक नकाशा विकत घेतला. त्याचे शीर्षक लॅटिनमध्ये ‘प्रिन्सिपातुस सिलेसिए व्रातिस्लाविएन्सिस’ असे आहे. खाली ‘होमानचे वारस, न्युर्नबर्ग’ अशा अर्थाची ओळ, १७३६ हे वर्ष आणि शेवटी सी. पी. एस. सी. एम. ही आद्याक्षरे आहेत.

दुकानदाराने पावतीवर ‘१७३६ चा मूळ नकाशा, मूळ रंग’ असे लिहून दिले आहे. घरी आल्यावर वाचनात असे आले की, हा नकाशा १७५० साली निघालेल्या सिलेशियाच्या (ब्रेस्लाऊ ज्या प्रांतात होते त्याच्या) एका अ‍ॅटलसमधील आहे. मग दोहोंपैकी कोणते वर्ष धरायचे? हे ‘वारस’ म्हणजे नेमके कोण, आणि प्रकाशकाचे स्वतःचे नाव न येता वारसांचे नाव का आले?

तिसरी शंका रंगांबद्दल आहे. संस्थानाचे पोटविभाग फिकट गुलाबी, पिवळ्या आणि हिरव्या रंगांत आहेत आणि त्यांच्या सीमांवर त्याच रंगांची गडद रेघ ओढलेली आहे. शीर्षकाभोवतीच्या नक्षीदार चौकटीतील माणसे आणि फळाफुलांचे गुच्छ मात्र बरेच भडक निळ्या व किरमिजी रंगांत आहेत. मागच्या बाजूला मधल्या घडीवर कागदाची एक पट्टी चिकटवलेली आहे. हिरवा रंग असलेल्या भागांच्या पाठीमागे तपकिरी डाग दिसतात, बाकी पाठ स्वच्छ आहे. नकाशा फ्रेम करून पुण्याला आईवडिलांकडे पाठवण्याचा विचार आहे; त्याआधी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

जुने_दप्तर

व्रोत्सवाफकर, नकाशावर छापलेले नाव आणि वर्ष ही दोन्ही पत्र्याची असतात, कागदाची नसतात. आपल्या पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर बहुतांशी यातच आहे.

त्या काळी नकाशा तांब्याच्या पत्र्यावर उलटा कोरत. पत्र्याला शाई फासून वरचा भाग पुसून काढला की शाई फक्त खाचांत उरे, आणि ओलसर कागद त्यावर ठेवून दोन रुळांमधून दाबून काढला की ती कागदावर उतरे. असा पत्रा झिजेपर्यंत त्यावरून हजारो प्रती निघत. झिजू लागला की त्याच रेषा पुन्हा खोल करून तो वापरात आणत, किंवा जुने नाव ठोकून सपाट करून त्या जागी नवे नाव कोरत. त्यामुळे नकाशे काढणाऱ्या घराण्यांची खरी इस्टेट म्हणजे हे पत्रे होते. ते वारसाहक्काने मुलाकडे जात, मुलगा नसला किंवा त्याच्यात दम नसला तर जावयाकडे जात, आणि कधी कधी थेट प्रतिस्पर्ध्याच्या घरात पोचत.

आपल्या नकाशामागचे घराणे योहान बाप्टिस्ट होमान याचे आहे. त्याचा जन्म १६६४ साली बव्हेरियातील मिंडेलहाइमजवळच्या गावात झाला. शिक्षण जेझुइटांच्या शाळेत झाले, तरी पुढे तो प्रोटेस्टंट झाला आणि न्युर्नबर्गला येऊन नोटरीचे काम करू लागला. दस्तऐवजांवर सह्या-शिक्के करणारा हा माणूस तांब्यावरच्या कोरीव कामाकडे वळला, १७०२ साली त्याने स्वतःची संस्था काढली, आणि १७१६ पर्यंत शंभराहून अधिक नकाशांचा मोठा अ‍ॅटलस बाजारात आणला. मधल्या काळात बर्लिनच्या विज्ञान अकादमीने त्याला सभासद करून घेतले आणि पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट सहाव्या चार्ल्सने ‘शाही भूगोलकार’ ही पदवी दिली. ज्या नकाशांवर त्याच्या नावापुढे ही पदवी येते ते पत्रे १७१५ च्या सुमारास किंवा त्यानंतर कोरलेले अथवा सुधारलेले आहेत, एवढे त्यावरून ठरवता येते.

१७२४ साली तो वारला. मुलगा योहान क्रिस्टोफ याने वैद्यकीचे शिक्षण घेतले होते, पण गादी त्याच्याकडे आली आणि तिशीही न गाठता १७३० साली तोही गेला. त्याने संस्था दोघांच्या नावे केली होती: विद्यापीठातील त्याचा मित्र योहान मिखाएल फ्रान्त्स आणि सावत्र बहिणीचा नवरा योहान गेओर्ग एबर्सबेर्गर. अट अशी की होमान हे नाव पुढे चालले पाहिजे. आपल्या नकाशावरचे ‘वारस’ ते हेच. दोघांपैकी एकही रक्ताने होमान नव्हता, आणि तरी हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून राहिले. माझ्या मते दुसऱ्या पिढीचे खरे श्रेय फ्रान्त्सचे आहे. जुन्या पत्र्यांवरून छापत बसणे सोपे होते. त्याने मात्र १७४६ साली टोबियास मायरसारख्या गणितीला नोकरीस आणले आणि अक्षांश-रेखांश नव्याने तपासून नकाशे सुधारायला लावले. (चंद्राच्या गतीची कोष्टके करणारा, आणि ज्याच्या विधवेला ब्रिटिश सरकारने १७६५ साली रेखांशाच्या प्रश्नासाठी ३,००० पौंड दिले, तो हाच मायर.) न्युर्नबर्गला गेलात तर बुर्गस्ट्रासेवरचे फेम्बोहाउस अवश्य पाहा. वारसांचा कारखाना त्या घरात होता आणि शेवटच्या मालकाचे नाव त्या घराला चिकटले आहे. आज तेथे शहराचे संग्रहालय आहे.

आता १७३६ की १७५०? सिलेशिया तेव्हा हाब्सबुर्गांच्या, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजघराण्याच्या, ताब्यात होता. सहाव्या चार्ल्सच्या आज्ञेने वीलांड नावाच्या लष्करी अभियंत्याने संस्थानवार मोजणी केली, शुबार्टने ती पुढे सुधारली, आणि कोरण्याचे काम होमानच्या वारसांकडे आले. पत्रे १७३६ पासून एकेक करून तयार होत गेले. पण ऑक्टोबर १७४० मध्ये सम्राट वारला, डिसेंबरमध्ये प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक सिलेशियात घुसला, आणि १७४२ च्या तहाने प्रांताचा बहुतेक भाग त्याच्याकडे गेला. ज्या राजासाठी मोजणी झाली त्याच्या घराण्याकडे प्रदेशच उरला नाही. अखेर १७५० साली हा अ‍ॅटलस बाहेर पडला: चार सर्वसाधारण नकाशे आणि सोळा संस्थानांचे. आपल्या नकाशाचा पत्रा १७३६ चा आहे. कागदावर तो केव्हा उतरला हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. घडीच्या मागची पट्टी पाहता तो कधी तरी अ‍ॅटलसमध्ये बांधलेला होता, कारण बांधणीत नकाशे अशाच पट्टीवर शिवत. म्हणून ‘पत्रा १७३६, छपाई बहुधा १७५० किंवा त्यानंतरची’ असे वर्णन मी योग्य समजेन.

सी. पी. एस. सी. एम. म्हणजे सम्राटाने दिलेले छपाईचे विशेषाधिकारपत्र, म्हणजेच नक्कल करणाऱ्यांविरुद्ध कायद्याचे संरक्षण. प्रदेश प्रशियाचा झाला तरी न्युर्नबर्ग हे साम्राज्यातील स्वतंत्र शहर होते, त्यामुळे या अक्षरांना तेथे अर्थ उरला होता.

पत्र्यांची फिरवाफिरव हा एकट्या होमान घराण्याचा प्रकार नाही. आउग्सबुर्गचा माटेउस झॉइटर होमानकडेच हे काम शिकला आणि मग त्याचा प्रतिस्पर्धी झाला. १७५७ साली तो वारल्यावर जावई टोबियास लोटर याने अनेक पत्र्यांवरचे सासऱ्याचे नाव काढून स्वतःचे कोरले. त्याआधी शंभर वर्षे अ‍ॅम्स्टरडॅममध्ये यापेक्षा मोठे नाटक झाले होते. योडोकुस होंडियसने १६०४ मध्ये नकाशाकार मर्काटरचे पत्रे विकत घेऊन आपला व्यवसाय उभा केला. १६२९ साली त्याच नावाचा त्याचा मुलगा वारला, तेव्हा त्याच्याकडचे सुमारे चाळीस पत्रे विलेम ब्लाऊने उचलले आणि स्वतःचे नाव घालून पुढच्याच वर्षी अ‍ॅटलस काढला. होंडियसचा दुसरा मुलगा हेन्रिकुस आणि जावई यान्सोनियस यांना मग तेच प्रदेश घाईघाईने नव्याने कोरून घ्यावे लागले. एकाच प्रांताचे, जवळजवळ जुळे वाटणारे दोन डच नकाशे दिसतात त्याचे कारण अनेकदा हे असते.

कृष्णाकाठ

वरील प्रतिसाद उत्तम आहे. केवळ एक पुरवणी जोडतो. होमानच्या वारसांनी १७३३ साली ‘गंगेअलीकडील भारतीय द्वीपकल्प’ अशा शीर्षकाचा नकाशा काढला. त्यात मलबार आणि कोरोमंडल किनारे आणि सिलोन आहे. त्याच वर्षी बाजीराव पेशवे जंजिऱ्याच्या मोहिमेवर होते. ही पाने लिलावांत अधूनमधून येतात आणि भारतीय ग्राहकांमुळे त्यांची किंमत युरोपातील एखाद्या परगण्याच्या नकाशापेक्षा चढी असते. साहजिकच जुने अ‍ॅटलस फोडून भारताचे पान वेगळे विकण्याचा मोह व्यापाऱ्यांना होतो, आणि तो मला अजिबात पसंत नाही.

तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्याची कला आपल्याकडे अगदीच नव्हती असे मात्र नाही. मिरजेत १८०५ साली भगवद्गीता अशा पत्र्यांवरून छापली गेली. फरक इतकाच की आपल्याकडे नकाशे हातानेच काढले जात राहिले, आणि पत्रे सांभाळणारी नकाशेवाल्यांची घराणी येथे उभी राहिली नाहीत.

कागदवैद्य

जुन्या कागदांचे जतन हा माझा व्यवसाय असल्यामुळे रंगांपुरते लिहितो.

नकाशा एकाच शाईत छापला जाई आणि रंग नंतर हाताने भरला जाई, तोही बहुधा दुसऱ्याच माणसाकडून. हे काम कमी प्रतीचे मानले जात नसे. पुढे नामांकित नकाशाकार झालेला अब्राहम ओर्टेलियस १५४७ साली अँटवर्पच्या चित्रकारांच्या संघात दाखल झाला तो नकाशे रंगवणारा म्हणूनच. त्याच्या बहिणीही हे काम करत. त्याच शहरातील प्लांटिनच्या छापखान्याच्या हिशेबांत मिंकेन लीफ्रिंक या रंग भरणाऱ्या बाईचे नाव येते. ग्राहकाला बिनरंगी किंवा रंगीत प्रत घेता येई आणि फरकाची रक्कम चांगलीच भरावी लागे. ब्लाऊ घराण्याचा १६६० च्या दशकातला अनेक खंडी महाअ‍ॅटलस बिनरंगी ३५० गिल्डरला, तर रंगीत ४५० गिल्डरला मिळत असे.

होमानच्या संस्थेची रंगवण्याची एक ठरीव पद्धत होती आणि तिचे जनक म्हणून हाम्बुर्गचे शिक्षक योहान ह्युब्नर यांचे नाव घेतले जाते. प्रत्येक राज्याला किंवा पोटविभागाला एक सलग फिकट रंग द्यायचा, म्हणजे विद्यार्थ्याला नावे वाचण्याआधी हद्द कळते. १७१९ साली होमानने ह्युब्नरच्या पद्धतीचा शालेय अ‍ॅटलसच काढला. आपल्या नकाशातील गुलाबी, पिवळे आणि हिरवे पट्टे याच परंपरेतले आहेत. ब्रेस्लाऊ संस्थानात नॉइमार्क्ट आणि नाम्सलाऊ हे पोटविभाग होते; त्यांना वेगवेगळे रंग आहेत का आणि रंग छापील ठिपक्यांच्या सीमेशी जुळतो का, ते पाहावे. सराईत हात सीमेबाहेर क्वचितच जातो. या पद्धतीत शीर्षकाची चौकट, म्हणजे कार्टूश, सहसा बिनरंगी सोडत असत. त्यामुळे आपल्या नकाशावरचे भडक निळे आणि किरमिजी रंग पाहून मला प्रथम शंका आली.

आता हिरव्याकडे वळू. तो हिरवा म्हणजे बहुधा जंगाल. तांब्यावर आंबट द्रव्याची क्रिया करून हा रंग मिळतो, आणि काळ गेला की तो कागदात मुरून त्याला तपकिरी आणि ठिसूळ करतो. आपल्याकडच्या सचित्र पोथ्यांत हिरव्या जागी कागद जळल्यासारखा होऊन तुटलेला दिसतो, तो याच रंगाचा प्रताप. पाठीमागचे तपकिरी डाग फक्त हिरव्याखाली असतील तर तो हिरवा रंग जुना असल्याची ही चांगली खूण आहे, कारण आजचे हिरवे रंग असे मुरत नाहीत. मात्र हा पुरावा त्या एका रंगापुरताच समजावा.

भिंग घेऊन तीन जागी बघा. पहिली जागा कृमींनी पाडलेली भोके. रंग भोकाच्या कडेने आत उतरलेला असेल तर तो भोक पडल्यानंतर लागला आहे. दुसरी जागा मधली घडी. तेथे कागदाचा वरचा थर झिजतो. जुना रंग त्याच्याबरोबर झिजलेला दिसतो, नवा रंग झिजलेल्या तंतूंवर बसतो आणि तेथे गडद होतो. तिसरी जागा चिकटवलेल्या फाटी; रंग भेगेत उतरलेला असेल तर तो दुरुस्तीनंतरचा. यासोबत कागद प्रकाशासमोर धरून समांतर रेषांची जाळी आणि पत्र्याच्या कडेचा दाबलेला ठसा आहे ना, याची खात्री करून घ्या. तो नसेल तर कडा कापल्या असतील, किंवा आपल्या हातात आधुनिक प्रतिकृती असेल.

व्रोत्सवाफकर

सर्वांचे आभार. भिंगाने पाहिले. कागदात जाळीच्या रेषा आहेत आणि तिन्ही बाजूंना पत्र्याचा ठसा स्पष्ट उमटलेला आहे. चौथ्या बाजूला कड कापलेली दिसते. डाव्या खालच्या कोपऱ्याजवळ कृमींची दोन भोके हिरव्या भागातून गेली आहेत आणि त्यांच्या आतल्या कडा कागदाच्याच रंगाच्या आहेत. घडीवर गुलाबी रंग उडालेला आहे. कार्टूशच्या उजव्या बाजूला मात्र एक फाट मागून पातळ कागद लावून जोडलेली आहे, आणि निळा रंग त्या फाटीच्या भेगेत उतरून जोडाच्या कागदापर्यंत पोचलेला आहे.

दुकानदाराकडे यासंबंधी तक्रार करावी का?

कागदवैद्य

आपले निरीक्षण अचूक आहे आणि त्यावरून निष्कर्षही काढता येतो. प्रदेशाचे रंग जुने आहेत. कार्टूशवरचा निळा फाट दुरुस्त झाल्यानंतरचा, आणि किरमिजी बहुधा त्याच हाताचा. तो निळा किती अर्वाचीन आहे हे डोळ्यांनी ठरत नाही. प्रशियन ब्लू अठराव्या शतकाच्या आरंभीच बर्लिनमध्ये निघाला होता, म्हणून तो सापडला तर काळ ठरायला फारशी मदत होत नाही. कृत्रिम अल्ट्रामरीन हा निळा सापडला तर तो रंग १८२० च्या दशकाच्या आधीचा असूच शकत नाही. एखाद्या संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी कागदाला इजा न करता अशी तपासणी होते, परंतु या किमतीच्या नकाशासाठी तो खटाटोप करावा असे मला वाटत नाही.

तो रंग धुऊन काढण्याच्या फंदात मात्र पडू नका. पाणी लागले की जंगालाचा भाग आणखी बिघडतो.

जुने_दप्तर

कागदवैद्य यांच्या निष्कर्षाशी मी सहमत आहे, पण ‘मूळ रंग’ या शब्दांना बाजार जे वजन देतो त्याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. बिनरंगी पाने घेऊन ती आपल्या हौसेने रंगवणारे किंवा गावातल्या रंगाऱ्याकडून रंगवून घेणारे ग्राहक अठराव्या शतकातही होते. त्या रंगाला जुना म्हणावे लागेल, पण तो प्रकाशकाचा म्हणता येणार नाही. उलट, श्रीमंत ग्राहकाने जादा पैसे मोजून कार्टूशही रंगवून घेतल्याची उदाहरणे आहेत, म्हणून केवळ रंगीत कार्टूश पाहून नकाशाला नावे ठेवू नयेत. आपल्या बाबतीत फाटीच्या भेगेतला रंग हा निर्णायक पुरावा आहे. तो नसता तर मी दुकानदाराची बाजू घेतली असती.

तक्रारीविषयी सांगायचे तर, पावतीवरच्या दोन्ही विधानांत दुरुस्ती मागणे रास्त आहे. ‘१७३६’ ऐवजी पत्र्याचे वर्ष १७३६ आणि ‘मूळ रंग’ ऐवजी प्रदेशाचे रंग जुने, कार्टूशचे नंतरचे, असे लिहून घ्यावे. एक कड कापलेली असल्याचा उल्लेखही त्यात हवा. चांगला व्यापारी याला नकार देत नाही, आणि त्याने किंमत थोडी कमी केली तर घ्यावी. मी स्वतः मात्र नकाशा परत केला नसता. राहत्या शहराचा इतका तपशीलवार जुना नकाशा प्रदेशाच्या रंगांसह शाबूत मिळणे ही काही रोजची गोष्ट नव्हे.

कागदवैद्य

फ्रेमविषयी राहिले होते. नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवू देऊ नका आणि लॅमिनेशनचे नावही काढू नका. आम्लरहित पुठ्ठ्याच्या खिडकीत, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावून तो टांगता ठेवावा. काच आणि कागद यांत अंतर हवे, आणि काच अतिनील किरण अडवणारी असावी. गुलाबी आणि किरमिजी हे रंग उजेडाने सर्वांत आधी उडतात, त्यामुळे खिडकीसमोरची भिंत टाळावी. पुण्याच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते. ती भिंतही नको. घडीमागची जुनी पट्टी फ्रेमवाल्याने काढायची म्हटली तर स्पष्ट नकार द्यावा, कारण नकाशा अ‍ॅटलसमधून आल्याचा तोच एक पुरावा आपल्याकडे आहे. प्रवासात तो गुंडाळून नळीत पाठवू नका. जंगालाचे भाग वळणावर तडकतील. दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून कोणाच्या तरी हातीच पाठवावा, आणि फ्रेम पुण्यात करून घ्यावी.

व्रोत्सवाफकर

दुकानदाराला पत्र पाठवले आहे. डिसेंबरमध्ये मी स्वतः पुण्याला येणार आहे, तेव्हा नकाशा सोबतच आणतो. जपानी कागद आणि आम्लरहित पुठ्ठा वापरून फ्रेम करणारे पुण्यात कोणी माहीत असल्यास कृपया खाजगी निरोपातून कळवावे.